ओटीपी फडात, आजी डोंगरात

आज आपण गंगाखेडच्या डोंगरपट्ट्याबद्दल बोलूया. बालाघाटच्या या रांगेत जमीन हलकी, शेती पावसावर. खरीप निघालं की हाताला काम नाही. मग मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला निघतो. मागं उरतात म्हातारी माणसं. सातबारा आजीच्या नावावर, पण आधारला जोडलेला फोन पोराच्या खिशात, कोल्हापूरकडच्या फडात. पीएम किसानच्या ई-केवायसीचा ओटीपी तिथं वाजतो. तो बघेपर्यंत बाद! वर्षाचे 6,000 रुपये अडकतात.

पण 2023 पासून त्यांच्या ॲपवर चेहरा दाखवूनही केवायसी होते. ओटीपी नको, ठसा नको. आपल्या फोनवरून दुसऱ्या शेतकऱ्याचीही करता येते. गावाकडं गेलात की रेंज येईल तिथं बसून एका तरी आजीची करून द्या.