चर कशासाठी ते आधी, बकेट कुठले ते नंतर



वाळवा, मिरज, शिरोळच्या शेतकऱ्याला क्षारपड म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. जिथे उसाचा फड माणसाच्या डोक्यावर जायचा, तिथे आज पांढरा थर आणि वेडी बाभूळ आहे. पाणी दिले, निचरा दिला नाही, त्याचे हे फळ. आता गावोगाव मिनी पोकलेन भाड्याने मिळतो, म्हणून जो तो चर काढायला निघाला आहे. काढावाच. पण मशीन तासावर चालते, आणि उसाच्या भावात हे तास कुणी धरलेले नसतात.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेले, तरी पहिला चर आम्हीच फसवला. मशीन रस्त्याकडून आले, म्हणून रस्त्याच्या कडेने, म्हणजे वरच्या अंगाने खोदायला लावले. ओढ्याशी पोचलो तेव्हा ओढ्याचा तळ आमच्या चराच्या तळापेक्षा हातभर वर निघाला! निचऱ्याऐवजी लांबट तळे झाले. तासांचे बिल मात्र पुरते भरले.

तेव्हापासून आम्ही आधी ओढ्यात उतरतो. पाण्याच्या नळीने पातळी घेतो, खुंट्या मारतो, शंभर फुटाला दीड-दोन इंच उतार धरतो. खोदाई खालच्या टोकाकडून सुरू. दोन्ही पट्टे आखणीच्या दोन बाजूंना ठेवून मशीन न खोदलेल्या जमिनीवरून मागे मागे सरकते, आणि खोदलेल्या भागातले पाणी आपोआप निघून जाते. दर पंधरा-वीस फुटांवर खोली मोजायची. ऑपरेटर कितीही जुना असला तरी नजरेवर सोडायचे नाही.

आता बकेट. मशीनवाला जे लावून आणेल त्याने काम उरकतो, कारण बदलायला त्याचा वेळ जातो. जमिनीखाली ८० मिलिमीटरची छिद्रांची नळी टाकायची असेल तर १२ ते १५ इंची, दातांचे अरुंद बकेट मागा. दोन फुटी बकेटने उपसायची माती वाढते आणि नळीभोवतीची वाळूही वाढते.

उघड्या चराचे गणित वेगळे. आपली काळी माती भिजली की उभी कड धरत नाही, पहिल्या पावसात आत येते. चार फूट खोल, तळाशी दीड फूट आणि दोन्ही कडांना फुटास फूट उतार दिला तर वरची रुंदी साडेनऊ फूट होते. उभ्या चरात दर फुटाला ६ घनफूट माती, यात २२. तीनशे फूट लांबीत अडीच गुंठ्यांवर जमीन गेली! म्हणून उघडा चर बांधाला, शिवाराच्या मुख्य वाटेला. रानाच्या पोटात नळीच बरी.

उघड्या चरात मधली माती दाती बकेटने काढावी, कडा रुंद, बिनदाती बकेटने उतरत्या कराव्यात. एक सावधगिरी ठेवा. ओली काळी माती अशा बकेटने घासली की कड सारवल्यासारखी गुळगुळीत होते आणि पाणी झिरपत नाही. म्हणून हे काम ऊस गेल्यावर, रान वाळल्यावर. नाइलाजाने ओल्यात केलेच तर शेवटी दातांनी कड ओरबाडून घ्या. चिकट मातीत अरुंद, खोल बकेट रिकामे होत नाही. ऑपरेटर ते आपटत बसतो आणि मीटर चालू राहतो.

वरची फूटभर माती वेगळी टाका, खालची खारी माती तिच्यावर पसरू नका. ढीग काठापासून तीन फूट लांब हवा. नळी जोडायला उभ्या कडेच्या चरात गडी उतरवू नका; जोडणी वर करून नळी खाली सोडावी आणि त्याच दिवशी बुजवावे.

भाडे तासावर ठरवायचे की फुटावर? आम्ही फुटावर म्हणतो. खोली, रुंदी आणि कोणते बकेट, हे मशीन येण्याआधी बोलून घ्या.

राहिला प्रश्न शेजाऱ्याचा. आपला चर ओढ्यापर्यंत न्यायचा तर तो चार जणांच्या बांधातून जातो. शिवाराचा नकाशा आणला आहे. ज्यांची राने या वाटेवर येतात ते जेवणानंतर थांबा, खुंट्या कुठून मारायच्या ते इथेच ठरवू.