रानपिंगळ्याचा शोध

श्रोतेहो, पिंगळा आपल्या ओळखीचा आहे. चिंचेच्या ढोलीत राहणारा आणि तिन्हीसांजेला भांडल्यासारखा ओरडणारा हा घुबडाचा लहानगा भाऊबंद. त्याचाच एक रानातला चुलतभाऊ आहे, रानपिंगळा. हा पक्षी तब्बल ११३ वर्षे अभ्यासकांना सापडत नव्हता. त्याची हकीगत आज ऐकवायची आहे.

उष्ण कटिबंधातील अरण्ये म्हटली की ॲमेझॉनची ओलीचिंब राने डोळ्यांपुढे येतात. पण सातपुड्यातली सागाची कोरडी राने, तीही उष्ण कटिबंधातलीच. १८७२ साली फुलझरच्या परिसरात ब्लेविट यांना हा पक्षी मिळाला. फुलझर आज छत्तीसगडात आहे. तेव्हा ते मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी होती आपले नागपूर. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. नंतर खानदेशात डेव्हिडसन यांनी आणखी काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र सारे सामसूम.

सामसूम म्हणजे अगदीच नव्हे, बरं का! मायनर्ट्झहेगन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळवला, असा दावा केला होता. अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा निघाले भलतेच. तो डेव्हिडसन यांनीच जमवलेला जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली! चिठ्ठी खोटी, तर तिच्यावरचा पत्ताही खोटा. मग शोधायचे कुठे? जिथले नमुने खरे होते तिथे. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. भर उजेडात!

इथून खरा अभ्यास सुरू झाला. पेंढा भरलेला पक्षी रंग सांगतो, मापे सांगतो. तो जगतो कसा, हे सांगत नाही. पुढे मेळघाटात अभ्यासकांनी रानपिंगळ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून रानात वाजवला आणि कुठून उत्तर येते ते टिपले. त्याने ओकून टाकलेल्या गोळ्यांतली हाडे, केस, खवले तपासले. सरडे-पाली हे त्याचे मुख्य अन्न. जोडीला उंदीर आणि किडे. सस्तन प्राण्यांच्या अभ्यासातही हीच रीत. १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर यांनी कान्हाच्या रानात राहून वाघाच्या विष्ठेवरून त्याचा आहार शोधला होता. जनावर दिसो न दिसो, त्याची खूण बोलते.

आता ओळख सांगतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पोट पांढरे, पंख आणि शेपटीवर ठळक पट्टे. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसून भक्ष्यावर झडप घालतो.

मात्र घरट्यासाठी त्याला ढोली लागते, आणि ती त्याला स्वतःला कोरता येत नाही. सुताराने कोरलेली किंवा खोड कुजून झालेली ढोली तो शोधतो. म्हणजे जुने, पोकळ झाड उभे हवे. नेमके हेच झाड आपल्या हिशेबी निरुपयोगी! लाकूडतोडीत ते जाते, चुलीच्या सरपणात ते जाते. चुलीचा दोष नाही. पण नवे रोप लावले म्हणजे जुन्या झाडाची भरपाई झाली, हा आपला समज खोटा आहे. ढोलीचे झाड तयार व्हायला माणसाचे एक आयुष्य पुरत नाही.

२०१४ मध्ये हा पक्षी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचा धोका एका पायरीने कमी ठरवला गेला. तरीही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. त्यातले बरेचसे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात आहेत.

तेव्हा चिखलदऱ्याला जाल, तर वाघाबरोबर वठलेल्या झाडांकडेही जरा पाहा. एखाद्या ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळे डोळे दिसले, तर आवाज न करता थांबा. आणि वन खात्याच्या चौकीवर तेवढी नोंद करून या.