तारेवरच्या माणसाचा सदरा



खांबावर माणूस दगावला की लोक म्हणतात, "शॉक लागला." पुष्कळदा ते खरे असते. परंतु विजेचे दुसरेही एक संकट आहे. त्यात माणूस तारेला शिवतसुद्धा नाही. तरी तो भाजतो, आणि पुष्कळसा आपल्याच सदऱ्याने भाजतो. आम्ही कामगार संघटनेची माणसे आज त्याविषयी बोलणार आहोत.

दोन तारा एकमेकींच्या फार जवळ आल्या, किंवा मध्ये एखादे हत्यार पडले, म्हणजे वीज हवेतूनच वाहू लागते. यास आर्क म्हणतात. राल्फ ली या अमेरिकन अभियंत्याने १९८२ साली निबंध लिहून या धोक्याकडे लक्ष वेधले. आर्कचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. सूर्याच्या पृष्ठभागाचे साडेपाच हजारांच्या आसपास असते.

आर्क क्षणभर टिकतो. पेटलेला कपडा मात्र जळतच राहतो. साधे सुती कापड पेट घेते. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या सुमारास वितळून कातडीला चिकटते. टेरिकॉटात हे दोन्ही दोष एकत्र नांदतात. गणवेश निवडताना भाव, टिकाऊपणा आणि इस्त्री पाहिली जाते. आगीचा विचार कोण करतो?

यावर उपाय आहे. ज्वालारोधक प्रक्रिया केलेले सुती कापड ज्वाला हटताच विझते. आतला बनियनही वितळणाऱ्या धाग्याचा नसावा. अमेरिकेत १९९४ च्या नियमाने, इजा वाढवील असा कपडा कामगाराच्या अंगावर नसावा, ही जबाबदारी मालकावर टाकली. पण चांगला कपडा देण्याची सक्ती आली २०१४ साली : उष्णतेचा अंदाज मालकाने काढावा आणि तिला पुरेसा कपडा स्वखर्चाने द्यावा. घातक कपडा काढण्यापासून रक्षक कपडा मिळेपर्यंत २० वर्षे गेली!

कपडा ही शेवटची ढाल होय. आधी वीज बंद करणे, बंद झाल्याची खात्री करणे, अर्थिंग करणे. त्याला वेळ लागतो. पावसाळ्यात दिवे गेले म्हणजे आपण तक्रार जरूर करावी, पण तेवढा वेळ त्या माणसाला द्यावा. हातमोजे आणि हेल्मेट जशी कामाची साधने, तसाच सदरा. तो कोणत्या कापडाचा आहे आणि कोणी दिला, एवढे आपण नागरिकांनी विचारावे, ही आमची विनंती आहे.