सोसण्याचं कौतुक पुरे!

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



आज बोलायचंय ते खालिद हुसैनी यांच्या 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स'बद्दल. २००७ साली ही कादंबरी आली तेव्हा मी ती दोन रात्रींत संपवली आणि रविवारी आईला फोनवर म्हटलं, "अगं, काय सोशीक असतात या अफगाण बायका!" आई म्हणाली, "सोसलं नसतं तर गेल्या कुठे असत्या, ते बघ आधी." तो प्रश्न घेऊन मी पुस्तक पुन्हा वाचलं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मरियम ही हेरातमधल्या एका श्रीमंत माणसाची अनौरस मुलगी. शाळेत जायचंय म्हणते, तर आई सांगते की आपल्यासारखीला एकच गोष्ट शिकायची असते : सहन करणं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न काबूलच्या रशीद नावाच्या चांभाराशी लावून देतात. तो तिच्याहून कितीतरी मोठा आणि मारकुटा. पुढे १९९२ मध्ये मुजाहिदीन गटांच्या आपसांतल्या लढाईत शेजारच्या लैलाचे आईवडील रॉकेटने मरतात. चौदा वर्षांची लैला त्याच घरात दुसरी बायको म्हणून येते.

सुरुवातीला दोघी सवतीच असतात. हळूहळू अंगणात रात्रीचा चहा सुरू होतो आणि नातं बदलतं. १९९४ मध्ये त्या पळायचा प्रयत्न करतात. बस स्टँडवरच पकडल्या जातात, आणि पोलीस त्यांना परत नवऱ्याच्याच हवाली करतात. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. दार बंद होतं, त्याला कुलूप घालणारे घरातही होते आणि सरकारातही. १९९६ मध्ये तालिबान आल्यावर तर पुरुष नातेवाईक सोबत असल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायची चोरी झाली.

रशीद लैलाचा गळा दाबतो तेव्हा मरियम फावडं उचलते. आयुष्यभर सोसलेली ही बाई त्या क्षणी सोसणं थांबवते, आणि लैलाला व मुलांना सुटता यावं म्हणून गुन्हा एकटीच्या अंगावर घेते. गाझी स्टेडियममध्ये तिला मारतात. हे कल्पनेतलं वाटेल, पण नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच स्टेडियममध्ये नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून एका आईला खरोखर गोळी घातली गेली. 'रावा' या अफगाण स्त्री संघटनेने लपूनछपून केलेल्या चित्रीकरणामुळे ते जगाला दिसलं.

कादंबरीच्या शेवटी लैला काबूलला परतते आणि अनाथाश्रमात मुलांना शिकवू लागते. २००७ मध्ये तो शेवट वाचून बरं वाटलं होतं. आता वाचवत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. मुलींना सहावीच्या पुढची शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठं बंद, डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणीचं शिक्षणही बंद. जिथे पुरुष डॉक्टरकडे जायला आडकाठी, तिथे सुईणीही घडू द्यायच्या नाहीत, तर बाळंतिणीने करायचं काय?

म्हणून मला एवढंच म्हणायचंय : सोशीकपणाचं कौतुक जपून करावं. ते करताना आपण सोसायला लावणाऱ्याला अलगद मोकळं सोडतो. मरियम आणि लैला तगल्या त्या अंगात काही दैवी सहनशक्ती होती म्हणून नव्हे. त्या एकमेकींना सापडल्या म्हणून.

आपल्या गावातही २०२१ नंतर काही अफगाण कुटुंबं आली आहेत. गेल्या वर्षी त्यातल्या एका बाईंना मी शनिवारी गाडी शिकवायला जात असे. पहिल्यांदा एकट्या वाणसामान घेऊन आल्या, त्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून चहा पाजला. अजून चौघीजणी शिकायला तयार आहेत, आणि शिकवायला मी एकटीच. आपल्यापैकी कोणाचा शनिवार मोकळा आहे, ते चहाच्या वेळी मला सांगा.