बोटांना कळणारा ‘ळ’

(हीरकमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात, जयपूर येथे केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा हिशेब इतर वक्ते मांडतीलच. मी बोलणार आहे ते एका प्रश्नाविषयी. प्रवेशाच्या दिवसांत तो दबक्या आवाजात विचारला जातो : “बाई, वर्गात अंध मूल असले तर आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडणार नाही ना?”

कायद्यापुरता हा प्रश्न निकालात निघाला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. पण कायदा दार उघडतो; फळ्यावरचे गणित काही तो वाचून दाखवत नाही.

फळ्याकडे तोंड करून शिक्षक म्हणतात, “हे इकडे आणले, यातून हे गेले, उरले हे.” न दिसणाऱ्या मुलाला यातून काय मिळते? केवळ सर्वनामे! तेच शिक्षक “दोन्ही बाजूंतून सात वजा केले” असे म्हणू लागले, की शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर पाहत बसलेल्यालाही पायरी कळते. अभ्यास मागे पडण्याच्या भीतीला माझे हे उत्तर आहे.

भूमितीतून अंध मुलाला सूट द्यावी, असे सुचवणारी भली माणसे पुष्कळ भेटतात. अशा दयेची मला भीती वाटते. सूट एका विषयाची मिळते आणि पुढचे अनेक रस्ते बंद होतात. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली की त्रिकोण बोटांना कळतो. सवाई जयसिंहांच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे सत्तावीस मीटर उंच आहे. त्याच्या सावलीवरून वेळ मोजतात. तेच तत्त्व अंगणात काठी रोवून शिकवता येते : डोळस सोबत्याने दर तासाला सावलीवर दोरी ताणावी, अंध मुलाने दोऱ्यांमधले कोन चाचपून मोजावेत. निरीक्षण दोघांचे, वहीतली नोंदही दोघांची.

आता ब्रेलविषयी. सहा टिंबांच्या या लिपीचे भारतीय भाषांसाठी समान रूप, म्हणजे भारती ब्रेल, १९५१ मध्ये स्वीकारले गेले. त्यात ‘क’ म्हणजे पहिले आणि तिसरे टिंब. मग भाषा बंगाली असो, तमिळ असो वा मराठी. इथे, जयपुरात, हिंदी ब्रेल शिकलेल्या मुलाला आपली मराठी वाचायला नवी लिपी शिकावी लागत नाही. ‘ळ’ची चौथी, पाचवी आणि सहावी टिंबे ओळखीची झाली, की वर्णमालेचे काम झालेच म्हणायचे. मराठी मुलुखापासून इतक्या दूर चालणाऱ्या आपल्या शाळेला याहून मोठी सोय कोणती?

“मोबाइल सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?” असेही विचारतात. मोबाइल जरूर वापरावा. पण नुसते ऐकून ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक हाताला लागत नाही. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ दुसऱ्या व चौथ्या टिंबांची, दीर्घ ई तिसऱ्या व पाचव्या टिंबांची. गंमत अशी, की छापील ‘दि’मध्ये वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये मात्र आधी ‘द’ आणि मग ‘इ’, उच्चारतो त्याच क्रमाने! ऐकणे आणि वाचणे या निराळ्या गोष्टी आहेत. डोळस मुलांच्या हातून पुस्तक काढून घेऊन त्यांना नुसती ध्वनिफीत दिली, तर आपण ते चालवून घेऊ का?

परीक्षेत लेखनिक मिळतो, तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मिळतात. अडते ते वर्षभर. मराठी ब्रेल पुस्तके इथल्या दुकानात मिळत नाहीत आणि मागवलेली अनेकदा सत्र सुरू झाल्यावर हाती पडतात. धडे संगणकावर अचूक टंकलिखित झाले, तर त्यांचे ब्रेल रूपांतर करून छापता येते. ते टंकलेखन आणि मुद्रितशोधन घरबसल्या होण्याजोगे आहे. माजी विद्यार्थ्यांनी एकेक धडा वाटून घ्यावा. पाचवीच्या पुस्तकापासून आरंभ करू. कार्यालयात वही ठेवली आहे, जाताना त्यात नाव आणि धड्याचा क्रमांक लिहून जावे.