पहिला धडा क्षेत्रभेटीचा

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाचही जिल्ह्यांतून आलेल्या माझ्या भूगोलशिक्षक बंधुभगिनींनो,

अंबादेवीच्या या अमरावती नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. १४ जानेवारी, म्हणजे डॉ. सी. डी. देशपांडे यांचा जन्मदिवस, आपण महाराष्ट्रात भूगोल दिन म्हणून पाळतो. त्याच सुमारास आपण सगळे इथे जमलात, याचा यजमान म्हणून फार आनंद आहे.

आल्यापासून आपण जे पाणी पीत आहात, ते मोर्शीजवळ सिंभोऱ्याला असलेल्या अप्पर वर्धा धरणाचं आहे. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पण हेच पाणी शहरात वापरून झालं की अंबानाल्यातून पेढी नदीत उतरतं. पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. म्हणजे आम्ही अमरावतीकर एका समुद्राच्या वाटेवरचं पाणी पितो आणि दुसऱ्या समुद्राच्या वाटेला लावतो. द्वीपकल्पाचा जो जलविभाजक आपण फळ्यावर तुटक रेघेने काढतो, तो इथे शहराच्या पूर्वेला, पोहरा-मालखेडच्या टेकड्यांकडे बोट करून दाखवता येतो. आणि ज्या पेढीत आपण सांडपाणी सोडतो, तिच्याच काठी वलगावजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या माणसाची ही नदी आहे. ती कुठून येते आणि कुठे जाते, हे आपल्या दहावीच्या मुलांना ठाऊक असलंच पाहिजे.

दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत पुढे जातं. काही जणांना हे खटकतं. आपला देश शिकवताना ब्राझील कशाला, असं ते विचारतात. मला ही मांडणी मोलाची वाटते. आपला देश नीट दिसायला शेजारी दुसरा देश ठेवावा लागतो. दक्षिण ब्राझीलचं पठार लाव्हाचं, आपलं दख्खनही लाव्हाचंच. त्यांचा लाव्हा सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सुमारे साडेसहा कोटी. तिथे बेसॉल्टच्या तांबड्या मातीत कॉफीचे मळे उभे राहिले आणि इथे बेसॉल्टच्याच चिखलदऱ्यावर इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. हा दुवा पुस्तकात शोधत बसू नका. तो जोडायचं काम आपलं.

त्याच पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे. पहिला! आणि बहुतेक वर्गांत तो इतर धड्यांसारखा वाचून, प्रश्नोत्तरं लिहून संपतो. क्षेत्रभेट बाकावर बसून होत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

त्यासाठी कुठे जावं? दर्यापूरहून चिखलदऱ्याला जा. जेमतेम शंभर किलोमीटरची वाट आहे, एसटीने एका दिवसात होते. दर्यापूर खारपाणपट्ट्यात. कोणे एके काळी सातपुड्याच्या पायथ्याची ही जमीन खचली, त्या खळग्यात गाळ भरत गेला आणि त्या गाळातलं पाणी खारट झालं. तिथल्या एखाद्या विहिरीचं पाणी मुलांना चाखू द्या. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते शेताला दिलं तर जमीन पांढरी पडते. म्हणून इथली शेती पावसावर: कापूस, तूर, मूग, आणि मुरलेल्या ओलीवरचा हरभरा. तिथून अंजनगाव सुर्जीकडे निघालात की तासाभरात खिडकीबाहेरचं चित्र बदलतं. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या थरांत पाणी मुरतं, विहिरी गोड होतात, केळी दिसते, पानमळे दिसतात, पानपिंपरीचे वेल दिसतात, पुढे संत्र्याच्या बागा. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी गावांचं पिण्याचं पाणी याच डोंगरकडेच्या शहानूर आणि वान धरणांतून नळाने जातं. परतवाडा सोडून घाट लागला की लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक मोजता येतात. वर पोचल्यावर चिखलदरा, सुमारे अकराशे मीटर उंचीवर. भोवतालच्या मेळघाटातल्या कोरकू घरात जी भाषा बोलतात, तिचं नातं मराठीशी नाही, हिंदीशीही नाही. ते झारखंडातल्या मुंडारीशी आणि संथाळीशी आहे. मृदा, भूजल, पीकपद्धती, भूरूपं, भाषा! पुस्तकातले निम्मे धडे या एका रस्त्यावर आहेत.

अकोल्याच्या शाळांनी अकोटमार्गे मेळघाटात जावं, बुलडाण्याकडच्यांनी लोणारला. दूर जाण्याची गरज नाही.

नकाशा हा माणसांनी आखलेला असतो, हेही आपल्या या पाच जिल्ह्यांच्या वऱ्हाडाइतकं क्वचितच कुणी अनुभवलं असेल. १९५५ साली अमरावतीत शिकणाऱ्या मुलाचं राज्य मध्य प्रदेश होतं आणि राजधानी नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरात तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. तो घरातून हलला नव्हता. घरोघरी असे आजोबा अजून आहेत. त्यांना वर्गात बोलवा.

अडचणी मला माहीत आहेत. सहलीची परवानगी, गाडीभाडं, पालकांची काळजी, आणि भूगोलाचा तास ज्याचा विषय वेगळा आहे त्याच्या गळ्यात पडणं. शिवाय लेखी परीक्षेत भूगोलाला चाळीसच गुण. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. साथीमुळे तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवर गुण दिले गेले. त्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता. पण आपला देश किती कळला हे न तपासताच मुलं पुढच्या वर्गात गेली, याची हळहळ मला फारशी ऐकू आली नाही. त्याचं दुःख आजही आहे.

म्हणून या परिषदेपुढे स्वागत समितीचा एक ठराव ठेवतो. पाचही जिल्ह्यांतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने दहावीच्या वर्गाची एक क्षेत्रभेट वऱ्हाडातच आणि दिवाळीच्या आत करावी. मुलांनी स्वतः नकाशा काढावा, विहिरीचं पाणी चाखावं, शेतकऱ्याशी बोलावं आणि अहवाल लिहावा. ज्या शाळेला गाडीभाडं झेपणार नाही, तिच्यासाठी समिती गावोगाव फिरून वर्गणी गोळा करील. तो शब्द मी आपल्याला या मंचावरून देतो. आपण हा ठराव एकमताने मंजूर करावा, अशी विनंती करतो.