मागच्या कुंपणाजवळची केळ
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मला बागेवर बोलायला सांगितलंय. मी फक्त मागच्या कुंपणाजवळच्या केळीवर बोलतो.

ती राजेळी आहे. वसईची सुकेळी याच केळ्यांची. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. आता ती करणारी घरं कमी झाली.

वसई पश्चिमेच्या एका ओळखीच्या वाडीवाल्यांनी वाडी विकली, तेव्हा मी त्यांच्याकडून एक मुनवा आणला. महिना मे. रुंद, हिरवीगार पाच पानं बघून मीच निवडला. पानांसकट लावला, दोन्ही वेळ बादलीभर पाणी घातलं. पंधरा दिवसांत पानांनी माना टाकल्या. उकरलं तर कंद सडलेला.

पुन्हा गेलो तर ते हसले. "साहेब, पानं बघून घेतलंत ना? कंद बघायचा." बँकेत जन्म गेला, कर्जदाराचे कपडे न बघता कागद बघत आलो आणि इथे नेमका फसलो! रुंद पानांच्या मुनव्याचा कंद बारीक. आईशी त्याचा जोडही वरवरचा. हवा तो तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड.

वाडीत आठवड्यात जेसीबी लागणार होता आणि तसा मुनवा एकच उरला होता. पहारीने कंदासकट काढला, पानं छाटून टाकली. मुळं तुटल्यावर पानांना पाणी पुरवणार कोण? चिंचोटीचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, डोंगराचं सगळं पाणी आपल्या अंगणात. म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर लावला. तिसऱ्या आठवड्यात सुरळी वर आली. त्या दिवशी वॉचमनला पेढा दिला, कारण सांगितलं नाही.

(दिवाणखान्यातल्या मॉन्स्टेराचंही असंच. नुसतं देखणं पान पाण्यात ठेवून रोप होत नाही. पेरासकट तुकडा हवा.)

पुढे डासांमुळे केळ तोडायचा ठराव आला. थोडक्यात वाचली. विरोधात हात वर केलेल्यांच्या घरीही पहिल्या घडाची एकेक फणी पोचली, हे मुद्दाम सांगतो!

एका खोडाला घड एकदाच. तो उतरला की खोड कापायचं, शेजारचा मुनवा वाढू द्यायचा. यंदा दोन जास्तीचे आहेत. ज्यांच्या गावी जागा असेल त्यांनी पहिल्या पावसानंतर या. पहार मात्र तुम्ही मारायची, माझी कंबर आता ऐकत नाही.